पाण्याखालचे देऊळ, काठावरचे गाव : भोर-भाटघर परिसरातील जुन्या वास्तूंचे वाचन

प्रास्ताविक



या आधीच्या घटकात आपण प्रवासवर्णन आणि स्थलवर्णन यांतील भेद पाहिला. प्रवासवर्णनात पाहणाऱ्याचा अनुभव महत्त्वाचा ठरतो. स्थलवर्णनात ते ठिकाण स्वतः बोलले पाहिजे. ठिकाणाला बोलते करायचे म्हणजे त्याचे वय, त्याची घडण आणि काळानुसार त्यात झालेले फेरफार यांविषयी काही विधाने करणे आलेच. नवख्या लेखकाची अडचण येथेच सुरू होते. महाराष्ट्रात कोणतेही जुने दगडी देऊळ दिसले की दोन विशेषणे आपल्या लेखणीच्या टोकाशी आपोआप येऊन बसतात : ‘पांडवकालीन’ आणि ‘हेमाडपंती’. ती एकदा वापरली की वर्णन पुरे झाले असा भास होतो. वस्तुतः त्याच क्षणी आपण पाहणे थांबवलेले असते.

प्रस्तुत घटकात आपण पुणे जिल्ह्यातील भोर हे नीरा नदीकाठचे गाव आणि त्याच्या शेजारचा भाटघर धरणाचा परिसर अभ्यासासाठी घेणार आहोत. या निवडीमागे कारण आहे. शिलालेखातून काळ सांगणारी वास्तू, कागदपत्रांतून ओळखता येणारी वास्तू, परंपरेने सांगितलेल्या कथेवर उभी असलेली वास्तू आणि वर्षातून काही आठवडेच पाण्याबाहेर येणारी वास्तू, या सर्व तऱ्हा येथे एकाच तालुक्यात भेटतात. तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. भोरपर्यंत येणे प्रत्येकाला जमेल असे नाही. परंतु येथे सांगितलेली वाचनाची रीत तुमच्या गावच्या नदीकाठीही तितकीच उपयोगी पडेल.

नदी, घाट आणि खोरी

वास्तूकडे वळण्यापूर्वी जमीन पाहिली पाहिजे. नीरा नदी भोर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, वरंधा घाटाच्या माथ्यालगत शिरगावच्या परिसरात उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन नीरा नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. तिच्या उत्तरेला वेळवंडी ही नदी वाहते. काही जण तिला येळवंडीही म्हणतात. ती भाटघरच्या खाली थोड्याच अंतरावर नीरेत येते. त्याही पलीकडे गुंजवणीचे खोरे आहे, आणि गुंजवणी व वेळवंडी यांच्या दरम्यानच्या डोंगरात राजगड उभा आहे.

मध्ययुगात या प्रत्येक खोऱ्याला स्वतंत्र नाव होते, स्वतंत्र देशमुख होता. रोहिडखोरे, हिरडस मावळ, वेळवंडखोरे, गुंजण मावळ ही नावे तुम्ही शिवकालीन पत्रांत वाचली असतील. ‘खोरे’ हा शब्द आज आपण भूगोलात वापरतो. त्या काळी तो कारभाराचाही शब्द होता. नदीच्या दोन्ही अंगांचे डोंगर हीच त्या कारभाराची हद्द असे. म्हणून या प्रदेशातील वास्तूचा विचार करताना आजच्या तालुक्याच्या नकाशापेक्षा नदीचा नकाशा हाताशी ठेवावा.

वरंधा घाट भोरकडून महाडकडे, म्हणजे देशावरून कोकणात उतरतो. घाट आहे तेथे वाहतूक आली, वाहतूक आली तेथे पहारा आणि जकात आली, मुक्कामाची जागा आली आणि मुक्कामाच्या जागी देव आला. नदीकाठची जुनी शिवालये आणि घाटावर नजर ठेवणारे किल्ले हे एकाच व्यवस्थेचे दोन भाग आहेत. ते वेगवेगळ्या पुस्तकांत वाचण्याची सवय आपल्याला लागली आहे, ही गोष्ट वेगळी.

येथे एक निरीक्षण नोंदवून ठेवा. या परिसरात सत्ता डोंगरावर राहिली आणि देव पाण्याजवळ राहिला. शिवालय नदीलगत असण्याची कारणे व्यावहारिकही आहेत : अभिषेकासाठी पाणी, स्नानासाठी उतार, अंत्यविधीनंतरच्या क्रियांसाठी काठ. पुढे अठराव्या शतकापासून सत्ता हळूहळू गडावरून खाली उतरली आणि गावातल्या वाड्यात राहू लागली. गड, वाडा, देऊळ या तीन वास्तू म्हणजे या भूमीच्या तीन उंची आहेत. पुढे धरण बांधले गेले, तेव्हा पाणी या तिन्हींपैकी सर्वांत खालच्या उंचीला पोहोचले.

दगडावरची तारीख काय सांगते?

भोरच्या दक्षिणेला रोहिडा किल्ला आहे. त्याला विचित्रगड असेही नाव आहे. त्याची परंपरा यादवकाळापर्यंत मागे नेली जाते. वर जाताना एकामागून एक तीन दरवाजे लागतात आणि तिसऱ्या दरवाजावर मराठी व फारसी अशा दोन भाषांतील लेख आहे. विजापूरच्या मुहम्मद आदिलशाहाच्या कारकिर्दीत, 1656 मध्ये, किल्ल्याची दुरुस्ती झाल्याचे त्यावरून समजते.

या लेखाकडे मराठीच्या विद्यार्थ्याने दोन कारणांसाठी थांबून पाहावे. पहिले कारण भाषेचे. राज्य विजापूरचे, दरबारची लेखनभाषा फारसी, आणि तरीही सह्याद्रीतील एका गडाच्या दरवाजावर फारसीच्या जोडीला मराठी कोरावी लागते. हा लेख वाचणारा किल्लेदार, हवालदार, शिबंदी आणि रयत कोण होती, हे त्यातून सूचित होते. मराठीचा कारभारातील वापर शिवकाळात एकाएकी सुरू झाला असे मानणाऱ्यांनी असे दगड अवश्य पाहावेत.

दुसरे कारण काळनिर्णयाचे. दरवाजावर 1656 हे साल आहे म्हणून किल्ला 1656 चा ठरत नाही. लेख दुरुस्तीचा आहे, आणि दुरुस्ती मुळात उभ्या असलेल्या वस्तूचीच होते. म्हणजे शिलालेख आपल्याला वास्तूचे ‘जन्मसाल’ क्वचितच देतो. बहुधा तो तिच्या आयुष्यातील एक दिवस देतो. देवळाच्या पायरीवर ‘जीर्णोद्धार’ म्हणून कोरलेल्या सालाला देवळाचे साल समजण्याची चूक गावोगावच्या फलकांवर सर्रास आढळते. तुमच्या लेखनात ‘इतक्या सालापूर्वीपासून येथे वास्तू होती’ एवढेच विधान अशा लेखाच्या आधारे करावे. ते थोडे वाटते, पण त्याला कोणी धक्का लावू शकत नाही.

रोहिड्याचे पुढचे आयुष्य कागदांतून कळते. 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या 23 किल्ल्यांत तो होता आणि 1670 मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला.

कागद : एका वाड्यातून निघालेली तारीख

दगड मुका असेल तेव्हा कागद बोलतो. या खोऱ्याने महाराष्ट्राला दिलेला सर्वांत महत्त्वाचा कागद कारी या गावचा आहे. कारीचे जेधे हे रोहिडखोऱ्याचे देशमुख. कान्होजी जेध्यांचे नाव तुम्हांला परिचित आहे. त्यांच्या घराण्यातील ‘जेधे शकावली’ विसाव्या शतकाच्या आरंभी लोकमान्य टिळकांनी प्रकाशात आणली. शके 1540 ते 1619 म्हणजे इ.स. 1618 ते 1697 या काळातील घटनांच्या तिथीवार, अत्यंत तोटक्या नोंदी असे तिचे स्वरूप आहे. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630 या दिवशी झाला, हे आज आपण ज्या साधनांच्या आधारे मानतो त्यांत ही शकावली प्रमुख आहे. तोपर्यंत बखरींच्या आधारे 1627 हे साल प्रचलित होते.

बखर आणि शकावली यांतील हा फरक वाङ्मयप्रकारांचा आहे, हे मराठीच्या अभ्यासकाने ध्यानात घ्यावे. बखरीला गोष्ट सांगायची असते. तिच्यात संवाद येतात, स्वप्ने येतात, दैवी संकेत येतात. शकावलीला काहीच सांगायचे नसते. ती केवळ टिपून ठेवते. वाचायला ती रुक्ष आहे, आणि तिच्यावर भिस्त ठेवता येते ती याच रुक्षपणामुळे. अर्थात बखर त्यामुळे टाकाऊ ठरत नाही. लोकांना एखादी घटना कशी आठवावीशी वाटली, हे बखरीशिवाय कळत नाही.

भोर परिसरातील आंबवडे हे ठिकाण याचे उत्तम उदाहरण आहे. तेथे नागेश्वराचे जुने मंदिर आहे आणि शंकराजी नारायण सचिव यांची समाधी आहे. राजाराम महाराजांच्या काळात, 1697 मध्ये, शंकराजींना सचिवपद मिळाले. 1707 मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, आणि ताराबाईंशी बांधले गेलेले सरदार पेचात सापडले. एका बाजूला घेतलेली शपथ, दुसऱ्या बाजूला शाहूंचा वारसाहक्क. शंकराजींनी त्याच वर्षी स्वतःच्या हाताने आपले आयुष्य संपवले. त्यांच्या मरणाचा प्रकार निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळा सांगितला जातो. काळाविषयी मात्र मतभेद नाही. म्हणजे कागदाने तारीख राखली आणि कथेने तो पेच राखला. आंबवड्याचे वर्णन करताना केवळ मंदिराचे खांब मोजून परतलात, तर तुम्ही समाधीपाशी थांबलाच नाहीत असे म्हणावे लागेल.

भोर : जुने वाटणारे गाव

आता प्रत्यक्ष भोर गावात येऊ. सचिवांच्या वंशजांचे, म्हणजे पंतसचिवांचे, हे संस्थान. 8 मार्च 1948 रोजी ते तत्कालीन मुंबई प्रांतात विलीन झाले. गावात शिरताना नीरेचे पात्र, अरुंद गल्ल्या, जुनी घरे आणि मध्यभागी राजवाडा असा देखावा दिसतो. पाहणाऱ्याला वाटते, हेच मध्ययुग.

राजवाडा 1869 चा आहे. चौक, सागवानी खांब, वळणदार कमानी आणि सजावटीत डोकावणारी पाश्चात्त्य छटा हे सारे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचे आहे. पुणे-मुंबई आगगाडी तेव्हा सुरू झालेली होती आणि मुंबई विद्यापीठही स्थापन झालेले होते. ऐतिहासिक चित्रपटांत आपण हा वाडा इतक्या वेळा पाहिला आहे की आपल्या कल्पनेतील शिवकाळ आणि पेशवाई त्याच्याच चौकात घडते. चित्रपटवाल्यांचे ते काम आहे आणि ते त्यांनी करावे. लेखकाने मात्र वाड्याला त्याचे स्वतःचे शतक परत द्यावे. गावाचे जुनेपण आणि वास्तूचे जुनेपण या दोन भिन्न गोष्टी आहेत. भोरच्या बाबतीत गावाच्या आसपासची भूमी गावातील सर्वांत ठळक वास्तूपेक्षा कितीतरी जुनी आहे.

‘हेमाडपंती’ आणि ‘पांडवकालीन’ : दोन शब्दांची छाननी

प्रास्ताविकात उल्लेखिलेल्या दोन विशेषणांकडे आता वळू.

हेमाद्री किंवा हेमाडपंत हा तेराव्या शतकातील देवगिरीचे यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री आणि ‘चतुर्वर्गचिंतामणि’ या संस्कृत ग्रंथाचा कर्ता. त्याच्या नावावरून एका बांधणीला ‘हेमाडपंती’ म्हणण्याचा प्रघात पडला. घडीव दगड एकमेकांत खाचा-कुसूंनी बसवायचे, सांध्यात चुना घालायचा नाही आणि दगडाच्या वजनावरच इमारत तोलून धरायची, ही या बांधणीची ढोबळ ओळख. परंतु ही रीत हेमाडपंताच्या आधीपासून महाराष्ट्रात होती. अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातील. त्यावरील लेख शके 982 म्हणजे इ.स. 1060 चा आहे, हेमाडपंताच्या दोनशे वर्षे आधीचा. म्हणून ‘हेमाडपंती’ हा शब्द बांधणीच्या रीतीसाठी वापरलात तर चालेल. त्यावरून काळ सुचवायचा असेल तर दुसरा पुरावा द्यावा लागेल.

‘पांडवकालीन’ हा शब्द आणखी मोकळा आहे. लेणी, कुंड, पडका चौथरा, डोंगरातील टाके, जे कोणी बांधले ते आठवत नाही ते पांडवांनी बांधले. आणि बहुधा एका रात्रीत. शब्दशः घेतला तर हा इतिहास नव्हे. पण त्याचा एक अचूक अर्थ आहे : ही वास्तू गावाच्या सामूहिक स्मृतीपेक्षा जुनी आहे. गावाला बांधणारा आठवत नाही, त्या अर्थी बांधणारे घराणे, त्याची सनद आणि त्याचे उत्पन्न यांची परंपरा मध्येच कुठेतरी तुटली आहे. हे लहान विधान नव्हे. ज्या देवळाला ‘अमक्या सरदाराने बांधले’ असे म्हणतात आणि ज्याला ‘पांडवांनी बांधले’ असे म्हणतात, त्या दोहोंच्या मध्ये गावाच्या आठवणीची सीमारेषा असते.

ही सवय केवळ आपली नाही. दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीकाठी आव्हिन्यों नावाचे शहर आहे. तेथील नदीवरच्या दगडी पुलाची सुरुवात 1177 मध्ये झाली. एका मेंढपाळ मुलाला, बेनेझेला, दैवी आज्ञा झाली आणि कोणाला हलवता न येणारी शिळा त्याने एकट्याने उचलून पायाला ठेवली, अशी कथा तेथे सांगतात. पुलाला एकूण 22 कमानी होत्या. ऱ्होनच्या पुरांनी त्या पुनःपुन्हा वाहून नेल्या आणि सतराव्या शतकात लोकांनी दुरुस्तीचा नाद सोडला. आज चारच कमानी उभ्या आहेत आणि पूल नदीच्या मध्यावर पोहोचण्यापूर्वीच संपतो. मात्र त्याच शहरात चौदाव्या शतकात पोप राहत होते, आणि त्यांच्या भव्य प्रासादाच्या बांधकामाचे हिशेब जतन झालेले आहेत. त्यामुळे तेथे कथा आणि हिशेब शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात. आपल्याकडील लहान खोऱ्यांत पुष्कळदा कथा उरते, हिशेब उरत नाही. मग वास्तूलाच हिशेबाची वही समजून वाचावे लागते.

मराठीत अशा वाचनाची परंपरा जुनी आहे, हे आपण विसरतो. चौदाव्या शतकातील ‘स्थानपोथी’ हा महानुभाव ग्रंथ आठवा. चक्रधरस्वामी जेथे जेथे गेले, त्या ठिकाणांची नोंद त्यात आहे : देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, दार कोणीकडे, मठ कोठे, नदी कोणत्या बाजूने. त्यात विशेषणांची उधळण नाही. श्रद्धेने लिहिलेला हा ग्रंथ दिशा सांगताना एखाद्या भूमापकाइतका काटेकोर आहे.

कांबरेश्वर : थर वाचण्याचा धडा

भाटघर जलाशयात, कांबरे गावाच्या हद्दीत, वेळवंडीच्या जुन्या पात्रालगत कांबरेश्वराचे मंदिर आहे. वर्षाचे बहुतेक महिने ते पाण्याखाली असते. उन्हाळ्याच्या अखेरीस, साधारणतः मे महिन्यात, धरणातील साठा तळाला गेला की ते उघडे पडते. मग आसपासच्या गावांतून भाविक दर्शनाला येतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, आणि बातमीत ‘पांडवकालीन’ हा शब्द असतोच. पाऊस सुरू होऊन धरण भरू लागले की देऊळ पुन्हा दिसेनासे होते.

या मंदिराकडे पाहताना खालून वर पाहावे. खालचा भाग दगडी आहे, वरच्या भागात भाजलेल्या विटा आणि चुना आहे. या एका निरीक्षणात पुष्कळ काही दडलेले आहे. यादवकाळातील दगडी मंदिरांची शिखरेही बहुधा दगडाचीच असत. वीट-चुन्याची आणि गिलाव्याने सजवलेली शिखरे मराठा काळात, विशेषतः सतराव्या-अठराव्या शतकांत, सर्वत्र रूढ झाली. जुन्या दगडी जोत्यावर किंवा भिंतींवर नवे वीट-चुन्याचे शिखर चढवणे ही त्या काळातील जीर्णोद्धाराची नेहमीची रीत होती. म्हणून दगड आणि वीट एकत्र दिसतात तेथे पहिला प्रश्न ‘हे देऊळ कधीचे?’ असा नसावा. ‘यात किती काळ एकावर एक उभे आहेत?’ असा असावा. दगड आणि वीट यांच्या सांध्याची रेषा नीट पाहा. दगडांच्या सांध्यात चुना आहे की ते कोरडे बसवले आहेत? सर्व दगड एकाच मापाचे व एकाच टाकीचे आहेत, की मध्येच एखादा नक्षीचा दगड उलटा किंवा आडवा बसवला आहे? उलटा बसलेला नक्षीचा दगड हा दुसऱ्या, अधिक जुन्या वास्तूचा साक्षीदार असतो. देवळाच्या आवारातील वीरगळ आणि सतीशिळा यांकडेही असेच पाहावे. वीरगळावरील योद्ध्याचे शस्त्र, वेश आणि कोरीवकामाची धाटणी यांवरून शिळेच्या काळाचा अदमास येतो, परंतु शिळा हलवता येते, हे विसरू नये.

हे वाचन घाईचे आहे. बेसॉल्टचा घडीव दगड पाण्यात दीर्घकाळ टिकतो. चुना आणि वीट तेवढी टिकत नाहीत. सतत पाण्याखाली राहण्यापेक्षा दरवर्षी भिजणे आणि वाळणे अधिक घातक असते. पाणी चढता-उतरताना लाटा सांध्यांवर आपटतात, चुना थोडा थोडा विरघळतो, चुना गेला की वीट सुटते आणि वीट सुटली की तिच्या आधाराचा दगड निखळतो. म्हणजे मंदिराचा जो भाग सर्वांत अलीकडचा तोच आधी नाहीसा होतो. आणखी काही वर्षांनी केवळ दगडी भाग उरला, तर त्या वेळचा लेखक त्याला निःशंक मनाने ‘हेमाडपंती’ म्हणेल, आणि मराठा काळातील जीर्णोद्धाराचा पुरावा गाळात मिसळून गेलेला असेल.

पाणी कोणासाठी अडले?

देऊळ पाण्यात का गेले, हे सांगितल्याशिवाय हे स्थलवर्णन अपुरे राहील. 1876 ते 1878 या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्यानंतर नीरेच्या खोऱ्यात कालव्यांची कामे हाती घेण्यात आली आणि कालव्याला बारमाही पाणी मिळावे म्हणून भोर संस्थानाच्या मुलखात, भाटघर येथे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिले धरण बांधले गेले. व्हाइटिंग या अभियंत्याच्या नावाने त्या तलावाला ‘लेक व्हाइटिंग’ म्हणत. पुढे मागणी वाढली आणि तेथे अधिक उंच दगडी धरण बांधण्यात आले. 1928 मध्ये पूर्ण झालेले हे धरण माजी गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या नावाने ‘लॉइड धरण’ म्हणून ओळखले गेले. आज या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे. कंकांचे भुतोंडे हे गाव याच जलाशयाच्या वरच्या अंगाला, राजगडाच्या पायथ्याशी आहे. एका जलाशयाची ही तीन नावे म्हणजे अभियंता, गव्हर्नर आणि मावळा अशी शंभर-सव्वाशे वर्षांची बखरच आहे.

धरणाची क्षमता सुमारे साडेतेवीस टीएमसी, म्हणजे साडेतेवीस अब्ज घनफूट आहे. नीरेच्या डाव्या आणि उजव्या कालव्यांतून पाणी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या कोरडवाहू तालुक्यांकडे गेले. तेथे ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले, गावांची रूपे पालटली. वेळवंडीच्या काठची भातखाचरे, घरे आणि देवळे पाण्याखाली गेली आणि माणसे वरच्या उतारावर सरकली. शेजारच्या मुळशी खोऱ्यात त्याच सुमारास, 1921 ते 1924 या काळात, सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. त्यामुळे मुळशीच्या बुडालेल्या गावांची कैफियत मराठी वाचकाला परिचित आहे. वेळवंडखोऱ्याच्या वाट्याला तेवढी शाई आली नाही.

देऊळ उन्हाळ्यात दिसते याचे कारणही कालव्यातच आहे. उन्हाळी आवर्तने सुटतात, खालच्या शेतांना पाणी पोहोचते, आणि तेवढ्या प्रमाणात वेळवंडीचे खोरे रिकामे होते. कांबरेश्वराचे दर्शन आणि फलटणकडच्या उसाची तहान यांचा असा थेट संबंध आहे. धरण उभे राहू नये असे म्हणणे आज सोपे आहे; दुष्काळात जनावरे सोडून द्यावी लागलेल्या शेतकऱ्यापुढे ते म्हणवणार नाही. तरीही जे बुडाले त्याची नीट नोंद व्हायला हवी होती, हे म्हणणे रास्तच आहे. पुढे आंध्र प्रदेशात नागार्जुनसागरचे पाणी अडवण्यापूर्वी नागार्जुनकोंड्याचे उत्खनन करून तेथील निवडक वास्तू उंचावर हलवण्यात आल्या. भाटघरच्या काळात ही पद्धत रूढ नव्हती. भीमेवरील उजनी जलाशयात पळसदेवचे मंदिरही असेच उन्हाळ्यात वर येते, तेव्हा हा प्रश्न एकट्या भाटघरचा नाही.

स्वयंअध्ययन आणि उपक्रम

पुढील उपक्रम मूल्यमापनासाठी अनिवार्य नाही, पण तो केल्यावाचून हा घटक पुरा वाचला असे समजू नये. तुमच्या गावातील किंवा जवळच्या नदीकाठची एक जुनी वास्तू निवडा. तिचे सुमारे चारशे शब्दांत स्थलवर्णन लिहा. त्यात ‘पांडवकालीन’ आणि ‘हेमाडपंती’ हे शब्द तुमच्या स्वतःच्या निवेदनात येऊ देऊ नका. गावातील माणसांच्या तोंडचे म्हणून आले तर ते कोणी, कोणत्या संदर्भात उच्चारले हे लिहा. आधी दिशा लिहा, मग दगड, मग कथा. घरातील किंवा शेजारची वयोवृद्ध माणसे त्या वास्तूच्या भागांना कोणत्या नावांनी ओळखतात हे विचारा. जोते, ओटा, कोनाडा, देवळी, पडवी, दीपमाळ यांपैकी कोणता शब्द ते वापरतात आणि कोणता वापरत नाहीत, याची वेगळी यादी ठेवा. पुस्तकी पारिभाषिक शब्द त्यानंतर घाला.

भोर परिसरातील विद्यार्थ्यांनी कांबरेश्वर निवडले तर मे महिन्याच्या उत्तरार्धात, स्थानिक माणसाला सोबत घेऊनच जावे. पाणी ओसरलेल्या जागी वरून वाळलेला दिसणारा गाळ आतून ओला असतो आणि त्यात पाय गुडघ्यापर्यंत रुततो. दगड-विटांच्या सांध्याची छायाचित्रे चारही बाजूंनी घ्या, प्रत्येक छायाचित्रात मापासाठी पट्टी किंवा काठी ठेवा आणि तारीख लिहा. सुटून पडलेली वीट किंवा दगड उचलून नीटनेटका ठेवण्याचा मोह आवरा. तो जेथे पडला आहे ती जागाही नोंदीचाच भाग आहे. पुढच्या वर्षी त्याच ठिकाणांवरून पुन्हा छायाचित्रे घेता आली, तर दोन्ही शेजारी ठेवून वर्षभरात काय सुटले ते लिहा.